सहन केलं म्हणे

मुलगा व्यासपीठावरून ‘सहन केली’ असं म्हणाला आणि बापाचा उजवा कान एकदम चटका बसल्यासारखा तापला. आधी त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. चर्चमधला लाउडस्पीकर जुना होता, ‘स’ आला की शिट्टी मारायचा, आणि पंख्यांच्या घरघरीत अर्धी वाक्यं नेहमीच वाहून जायची. पण मुलानं ते वाक्य पुन्हा म्हटलं, जरा थांबून, दोन्ही हात पुढे करून. मुद्द्याचं वाक्य दोनदा म्हणा, म्हणजे मंडळीच्या मनात ठसतं, असं त्यांना पाळक होण्याच्या शिक्षणात शिकवत असावेत. “माझ्या वडिलांनी तीस वर्षं आमच्या घरात एक वेगळी श्रद्धा सहन केली. चकार शब्द न काढता सहन केली. बंधुभगिनींनो, दुसऱ्या धर्माच्या माणसांशी सहिष्णुतेनं कसं वागायचं हे मी वर्गात शिकलो नाही. ते मी माझ्या घरात पाहिलं.” पुढच्या बाकांवरच्या माना मागे वळल्या. सगळ्या नजरा मऊ होत्या, लोण्यासारख्या. एका बाईनं डोळ्यांना रुमाल लावला. तो तिसऱ्या ओळीत कडेला बसला होता, चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांच्या बाकावर, गळ्याशी टायची गाठ आवळलेली, आणि सगळं चर्च त्याच्या बायकोला सहन केल्याबद्दल त्याचं कौतुक करत होतं.

तो उठला. उठायचं असं काही त्यानं ठरवलं नव्हतं, गुडघ्यांनीच ठरवलं. बाक करकरला. शेजारच्या म्हाताऱ्यानं पाय आखडून घेतले आणि तो मधल्या वाटेनं, वेदीकडे पाठ करून, दाराकडे चालायला लागला. मागे मुलाचा आवाज एका शब्दावर अडखळला, मग त्यानं घसा साफ केला आणि पुढे गेला. दाराशी अर्पणाच्या थैल्या धरून दोघं उभे होते, ते त्याच्याकडे बघून हसले. बापाला भरून आलं असणार, असं त्यांना वाटलं असावं. एकानं तर त्याच्या खांद्यावर थोपटलं. तो हात त्याला झटकून टाकावासा वाटला, पण तोवर तो बाहेर आला होता, डोळ्यांवर ऊन आलं होतं, आणि मागून मंडळीचा खजिनदार बुटांचा आवाज होऊ न देता लगबगीनं येत होता.

“काय झालं? बीपी का?”

“हो.”

“जरा सावलीत बसा. पाणी आणू?”

“नको.”

“पोरानं नाव काढलं हो तुमचं,” खजिनदार म्हणाला. “आम्हाला माहीत होतंच तुम्ही किती सोसलंत ते. पण असं भर उपासनेत कुणी बोलून दाखवलं नव्हतं.”

“काय सोसलं मी?”

खजिनदार हसला. “आता ते माझ्या तोंडून कशाला वदवता?”

“वदवतोच. सांगा, काय सोसलं?”

“म्हणजे, वहिनी आपल्यातल्या नाहीत. दुसरा कुणी असता तर रोज घरात भांडणं. तुम्ही मोठ्या मनानं—”

“माझं मन मोठं आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

खजिनदारानं मनगट वर केलं. तो आपल्याच घड्याळाकडे बघत राहिला. आत मुलगा काहीतरी म्हणाला आणि मंडळी हळूच हसली, त्याच्या शिकवलेल्या विनोदाला शिकवल्यासारखी हसली, आणि बाप फाटक उघडून रस्त्याला लागला.

बस त्याच्यासमोर थांब्यावर आली, थांबली, गेली. बसमध्ये बसून राहायचं म्हणजे ह्या रागाला मांडीवर घेऊन बसायचं, ते त्याच्यानं झालं नसतं. तो चालत राहिला. रविवारची बंद दुकानं, शटरांवर जुन्या जाहिरातींचे फाटके कोपरे, एका पायरीवर कुणीतरी वाळत घातलेलं पायपुसणं. त्यानं टाय सैल केली, मग काढलीच आणि खिशात कोंबली. सहन. माणूस काय काय सहन करतो? दाढदुखी सहन करतो. वरच्या मजल्यावरचा रेडिओ सहन करतो. नवा बूट टाचेला लागतो, तो चार दिवस सहन करतो. वरिष्ठाचा फालतू विनोद सहन करतो. आणि ह्या सगळ्यांच्या रांगेत, बुटाच्या आणि दाढेच्या मध्ये कुठेतरी, पोरानं आपल्या आईला नेऊन उभं केलं होतं. तेही कसं, तर आईनंच शिवलेला पांढरा झगा अंगात घालून. दोन वेळा तिनं त्याची घेर-उंची बदलली होती. पहिल्यांदा तो पायात येत होता, मग आखूड झाला. “पडला-बिडला तिथं सगळ्यांसमोर, तर माझं नाव जाईल,” असं ती तोंडात टाचण्या धरून म्हणाली होती. त्या टाचण्यांवरून ती हसली होती आणि मुलगा खुर्चीवर उभा राहून, हात पसरून, गप्प होता. तेव्हाही त्याच्या डोक्यात हे वाक्य तयार असणार. उपदेश पाठ करायला तो रोज गच्चीवर जायचा. घरात म्हणायचा नाही. का म्हणायचा नाही, ते आता समजलं.

मंडळीतल्या बायका तीस वर्षं त्याला एकच प्रश्न विचारत आल्या होत्या. कधी दारात, कधी कुणाच्या लग्नात, कधी चक्क स्मशानभूमीत, मातीचे हात धूत असताना: “आल्या का हो त्या विश्वासात?” विश्वासात येणं म्हणजे त्यांच्या भाषेत बाप्तिस्मा घेऊन ह्या बाकांवर बसणं. जणू ती इतकी वर्षं अविश्वासात, म्हणजे एखाद्या दलदलीत कंबरेपर्यंत उभी होती. घरी येऊन तो तिला सांगायचा, आज अमकीनं विचारलं. सुरुवातीला तो हे सांगताना चिडायचा आणि ती हसायची. “सांग त्यांना, निघालेय, पण गर्दी फार आहे.” एकदा त्यानं खरंच तसं सांगितलं होतं, आणि ती बाई गंभीरपणे म्हणाली होती, “प्रार्थना करतो आम्ही.” त्यावर नवराबायको रात्री पोट दुखेपर्यंत हसले होते. ती त्याला पहिल्यापासून ‘अरे तुरे’ करायची. तेही त्या बायकांना खुपायचं. पण कारखान्यात सगळेच एकमेकांना तसं बोलायचे, आणि लग्न झालं म्हणून जीभ कशाला बदलायची, असं तिचं म्हणणं होतं.

कारखाना तयार कपड्यांचा होता. लांबच लांब दालन, शिलाई मशीनच्या चार रांगा, वर पांढऱ्या नळ्यांचे दिवे, आणि तो मशीन दुरुस्त करणारा मिस्त्री, कमरेला पेचकसांचा पट्टा, बोटांना कायमचं तेल. ती तिसऱ्या रांगेत कॉलर लावायला होती. एका दुपारी त्या रांगेतून नुसता आवाज बंद झाला. किंचाळणं नाही, काही नाही. एक मशीन थांबलं, मग शेजारचं थांबलं. तो गेला तर ती सरळ बसली होती आणि सुई तिच्या तर्जनीतून आरपार, नखातून खाली, अडकून बसली होती. सुपरवायझर म्हणाला, जोरात ओढ. तिनं सुपरवायझरकडे बघितलंसुद्धा नाही. मिस्त्र्याला म्हणाली, “तू कर. पण तुझा हात थरथरतोय. आधी तो थांबू दे, मी थांबते.” सुई तिच्या बोटात होती आणि थांबायची तयारी तिची होती. त्यानं चाक हातानं उलटं फिरवलं, इतकं हळू की त्याला एकेक दाता जाणवत होता. सुई वर आली तेव्हा त्याचेच डोळे पांढरे झाले आणि तिनंच त्याला स्टुलावर बसवलं. पुढे लग्नाचं ठरलं तेव्हा तिच्या माणसांनी तिच्याशी बोलणं टाकलं आणि ह्याच्या माणसांनी बोलणं फार वाढवलं. दोन्हीचा ताप सारखाच. नोंदणी करून लग्न झालं. चर्चमध्ये नाही, तिच्याकडच्या पद्धतीनं नाही. ती तिचं मानायची, तो त्याचं. ती सकाळी खोलीत आपली प्रार्थना करायला बसायची तेव्हा तो बाहेर यायचा, पावलं न वाजवता. याचा त्याला अभिमान होता. ह्याला लोक सहिष्णुता म्हणत असतील तर म्हणोत, तो ह्याला घर म्हणायचा.

आणि पोरानं उपदेशाला घेतली होती ती प्रभूची गोष्ट. वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाची. देवाधर्माचे दोन मोठे लोक त्याला बघून पलीकडच्या कडेनं निघून जातात, आणि मग येतो तो एक परका, ज्याच्या हातचं पाणीसुद्धा कुणी घेत नसे असा. तोच जखमा बांधतो, उचलतो, धर्मशाळेत नेऊन ठेवतो. आपणही परक्यांशी असंच मोठ्या मनानं वागलं पाहिजे, असं पोरगं सांगत होतं. अरे गाढवा. बापाच्या तोंडून हे शब्द रस्त्यात मोठ्यानं बाहेर पडले आणि समोरून येणारी एक बाई पिशवी ह्या हातातून त्या हातात घेत बाजूला झाली. अरे गाढवा, त्या गोष्टीत मोठ्या मनाचा जो आहे तोच परका आहे. आपण तिथं उचलणारे नाहीच. आपण एक तर पलीकडून जाणारे, नाहीतर खाली धुळीत पडलेले. धुळीत पडलेला माणूस काय सहन करतो? पट्टी सहन करतो? चार वर्षं शिकवून तुम्हाला ही एवढी साधी गोष्ट उलटी धरायला शिकवली?

कारण तो पडला होता धुळीत. हे मुलाला माहीत नव्हतं. त्याच्या आधी एक मुलगी झाली होती, एवढं त्याला माहीत होतं. तिचा एक फोटो कपाटात होता. पण ती नीट बसायला शिकायच्या आधीच गेली, आणि ती गेल्यावर तेव्हाचे पाळकसाहेब घरी येऊन, चहा पिऊन, बशीत कप ठेवता ठेवता म्हणाले होते की देवाला फुलं आवडतात. तेव्हा ह्याच्या आत काहीतरी जे बंद झालं ते झालंच. त्यानं चर्च सोडलं. प्रार्थना सोडली. कामावरून आला की भिंतीकडे तोंड करून पडायचा, आणि रविवार आला की घरात जनावर शिरल्यासारखा वागायचा. दारं आपटायचा, भांडी पाडायचा. असे किती महिने गेले असतील. एका रविवारी सकाळी तिनं त्याचा शर्ट इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि म्हणाली, “ऊठ. तुझ्या देवाशी तुझं भांडण आहे ना? मग त्याच्या घरी जाऊन भांड. इथं भिंतींशी भांडून काय होणार, त्या बिचाऱ्या भाड्याच्या.” तो गेला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा शर्ट. तो चिडला, शर्ट जमिनीवर टाकला. तिनं उचलला, पुन्हा इस्त्री केली. शेवटी एकदा तो गेला, फक्त ती इस्त्री थांबावी म्हणून गेला, आणि सगळ्यात मागच्या बाकावर बसून गीतं चालू असताना दात आवळून देवाला वाटेल ते बोलला. पुढच्या रविवारीही बोलला. बोलता बोलता कधी ते पुन्हा प्रार्थनेसारखं व्हायला लागलं, त्याचं त्यालाही कळलं नाही. आज तो पंच होता, तिसऱ्या ओळीत बसत होता, आणि त्याचा मुलगा पाळक होणार होता. हे सगळं त्या विश्वासात न आलेल्या बाईनं हाताला धरून उभं केलं होतं. मुलालाही रविवारच्या शाळेत तीच सोडायची, केस विंचरून, आणि फाटकाबाहेर थांबायची. आत का येत नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायची, “मला कुणी बोलावलं तर येईन, ओढून न्यायला आलं तर नाही येणार.” हा फरक तिथं कुणाला कळला नव्हता.

घरी पोचेपर्यंत त्याचा सदरा पाठीला चिकटला होता आणि राग जराही कमी झाला नव्हता. उलट चालून चालून त्याला चांगली धार आली होती. ती ओट्यापाशी उभी होती. झाऱ्यानं पातेल्यातलं हलवता हलवता तिनं मागे न बघताच विचारलं, “एवढ्यात सुटलं? कसा बोलला?”

“मी मधूनच आलो.”

झारा थांबला. “का? बरं नाही?”

“बरा आहे मी.” मग त्यानं सांगितलं. वाक्य जसंच्या तसं सांगितलं, दोनदा म्हटलं होतं हेही सांगितलं, माना वळल्या ते, रुमाल, खजिनदार, सगळं. सांगताना त्याचा आवाज चढत गेला. तिचे डोळे भरतील, किंवा ती नेहमीसारखं काहीतरी बोलून हसेल, आणि मग हा राग दोघांचा होईल, अशी त्याची कुठेतरी अपेक्षा होती. तिनं गॅस बंद केला.

“म्हणजे तू उठून आलास,” ती म्हणाली.

“मग काय बसून ऐकायचं होतं?”

“त्याचा पहिला उपदेश होता.”

“अगं पण तो बोलला काय—”

“ऐकलं मी. बोलला ते वेड्यासारखं बोलला. पण पोरगं पहिल्यांदा उभं राहिलं आणि बापानं सगळ्यांसमोर पाठ दाखवली. सगळ्यांसमोर.” तिनं हात पुसले आणि तो फडका ओट्यावर आपटला. “माझ्यासाठी म्हणून केलंस ना हे? मला विचारलं होतंस? तिकडे तो माझ्याबद्दल बोलतो, इकडे तू माझ्यासाठी उठतोस. मी इथं घरात आहे. दोघांपैकी एकाला तरी आहे का पत्ता?”

तीस वर्षांत ती त्याच्यावर चिडली नव्हती असं नाही. पण ती चिडायची ते बिलांवरून, ओल्या टॉवेलवरून, उशीर झाल्यावरून. हा राग वेगळा होता. हा आज तयार झालेला नव्हता.

मुलगा तासाभरानं आला. झगा हातावर घडी करून घेतला होता आणि चेहरा उतरलेला होता. दारात बूट काढताना तो बापाकडे बघत नव्हता.

“बाबा, लोक विचारत होते. मी सांगितलं, तब्येत.”

“तब्येत नव्हती,” बाप म्हणाला.

“मला कळलं ते.” त्याचे कान लाल झाले होते. “पण मी तुमचं कौतुकच केलं. दुसऱ्या धर्माच्या लोकांबद्दल आपली माणसं काय काय बोलतात तुम्हाला माहीत आहे. त्यांना काहीतरी चांगलं सांगायला गेलो. पाळकसाहेबांना तर फार आवडलं.”

“आवडणारच,” बाप म्हणाला. “त्यात त्यांना काही करायला लागत नाही.”

“थांबा,” ती म्हणाली. तिनं खुर्ची ओढली, बसली आणि मुलाला म्हणाली, “पाठ आहे ना? मला म्हणून दाखव.”

“आई, आत्ता?”

“आत्ता. तिथं दीडशे माणसांसमोर म्हटलंस, मी एकटी आहे. उभा राहून म्हण.”

मुलानं बापाकडे बघितलं. बापानं खिडकीबाहेर बघितलं. मग मुलगा फ्रिजला पाठ टेकून उभा राहिला आणि म्हणायला लागला. सुरुवातीला आवाज अगदी बारीक होता, मग सवयीनं सुधारला. ती वाटेवरची गोष्ट त्यानं चांगली सांगितली. लुटारू, दोन मोठी माणसं, तो परका. ती मान हलवत ऐकत होती, जसं लहानपणी त्याचे पाढे ऐकायची. मग ते वाक्य जवळ आलं. ते येतंय हे तिघांनाही समजलं. मुलगा थांबला.

“म्हण.”

“आई, जाऊ दे ना.”

“म्हण. शब्द बदलू नको.”

त्यानं म्हटलं. हात पुढे झाले नाहीत, अंगाशीच राहिले. ह्या वेळी ते एकदाच म्हटलं. बाहेर जिन्यावरून कुणीतरी सायकल उतरवत होतं, एकेक पायरीला तिची साखळी वाजत होती.

“पुढे?” तिनं विचारलं.

“पुढे समारोप आहे.”

“नाही, माझ्याबद्दल पुढे काय?”

“तेवढंच आहे.”

“एवढंच,” ती म्हणाली. “म्हणजे बाबा आहेत, त्यांनी काय केलं ते आहे. मी कुठाय? एक वेगळी श्रद्धा, म्हणालास. कुठली? त्यात काय आहे? एखादं कपाट असतं घरात, तशी ती घरात आहे आणि बाबा त्याला न आपटता ये-जा करतात. तसंच ना?”

आता बापाला राहवलं नाही. तो बोलला. मुलीचं, चहाच्या बशीचं, भिंतीचं, शर्टाचं, मागच्या बाकाचं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं हे मुलाला सांगितलं आणि ते सांगताना त्याचा आवाज इतका चढला की शेजारच्यांनी खिडकी लावली. “तुझ्या त्या गोष्टीतला पडलेला माणूस मी होतो,” तो म्हणाला. “समजलं? उचलणारी ही होती. आणि तू माझ्या गळ्यात हार घालतोस.” मुलगा भिंतीला धरून खाली बसला होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. बापाला क्षणभर बरं वाटलं. हेच हवं होतं त्याला, सकाळपासून. मग त्यानं बायकोकडे बघितलं, आपण तिच्या वतीनं जिंकलो अशा थाटात बघितलं, आणि ती त्याच्याकडे अशा काही नजरेनं बघत होती की तो थाट तिथंच उतरला.

“झालं सांगून?” ती म्हणाली. “ती माझीही मुलगी होती.”

तिनं खुर्ची त्याच्याकडे वळवली.

“तू तुझ्या देवाशी भांडायला गेलास. मी पाठवलं तुला. मी कुणाशी भांडले, ते विचारलंस कधी? एकदा तरी? मी ज्याला मानते त्यानं तेव्हा मला काय दिलं, काय नाही दिलं, मी काय म्हणत होते त्या खोलीत बसून?” तिचा आवाज वाढला नव्हता, म्हणून तो जास्त लागत होता. “तू बाहेर जायचास. हळूच. पाय न वाजवता. मला आधी वाटायचं, मान ठेवतो. मग मला वाटायला लागलं, ह्याला बघायचंच नाही. ह्याच्या मंडळीतल्या बायका ‘आल्या का त्या विश्वासात’ म्हणायच्या, त्यांनी निदान काहीतरी विचारलं.”

त्याला उत्तर द्यायचं होतं. उत्तर होतंच त्याच्याकडे, वर्षानुवर्षांचं, घासून गुळगुळीत झालेलं: की तो तिच्या आड कधी आला नाही, की त्यानं कधी जबरदस्ती केली नाही, की त्यानं तिला तिचं तिचं राहू दिलं. पण ते मनात उच्चारताच त्याला त्यात पोराचा आवाज ऐकू आला, तेच थांबणं, तेच हात पुढे करणं. तीस वर्षं तिच्या शेजारी झोपून ती डोळे मिटून काय म्हणते हे त्याला माहीत नव्हतं. तिचा देव तिच्यावर रागावतो का, माफ करतो का, तो तिला मुलगी पुन्हा भेटेल म्हणून सांगतो का, यातलं काही त्याला माहीत नव्हतं. कुणी विचारलं असतं तर एखाद्या शेजाऱ्याइतपत त्यानं सांगितलं असतं. सकाळपासूनचा सगळा राग अजून त्याच्या अंगात होता, एक थेंब कमी झाला नव्हता. फक्त तो आता कुणावर काढायचा हे त्याला समजेना.

मुलगाच शेवटी बोलला. जमिनीवरून, नाकात. “आई, तू काय मानतेस?”

तिनं त्याच्याकडे बघितलं. “आत्ता नाही. आत्ता मला राग आलाय, आणि मी रागात त्याबद्दल बोलत नाही. ताटं घे.”

मुलानं ताटं घेतली. बापानं पाणी भरलं. तिघं बसले. रोज जेवणाआधी बाप प्रार्थना म्हणायचा, मुलगा घरी असला तर तो म्हणायचा, आणि ती हात मांडीवर ठेवून ती संपायची वाट बघायची. मुलानं डोळे मिटले, मग उघडले. बापाकडे बघितलं. बापानं मान खाली घातली.

“आई,” मुलगा म्हणाला, “आज तू म्हण. तुझी.”

“आमच्यात जेवणाआधी नसते,” ती म्हणाली. “तुझी तू म्हण, अन्न गार होतंय.”

“मग?”

“जेवल्यावर असते.”

मुलानं आपली प्रार्थना म्हटली, फार थोडक्यात, सुटे सुटे शब्द. मग ते जेवले. बापाच्या डोक्यात तिचं वाक्य घोळत होतं. जेवल्यावर असते. जेवण झालं की तो आणि मुलगा लगेच उठायचे, हात धुवायला, आणि ती तशीच ताटापाशी बसून राहायची, थोडा वेळ, नजर कुठेच नसलेली. दिवसभर मशीनवर बसून दमते, म्हणून तो समजत आला होता. कित्येकदा तर त्यानं तिथून तिला हाक मारली होती, चल, लवकर आटप, ताट दे. कित्येकदा त्यानं तिच्या समोरचं ताट उचलून नेलं होतं, मदत म्हणून.

जेवण संपलं. मुलानं सवयीनं खुर्ची मागे सरकवली आणि तसाच थबकला. बाप उठला नाही. तिच्या समोर ताट रिकामं होतं. तिनं दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले, मान किंचित झुकली, आणि ओठ हलायला लागले. आवाज नव्हता. ते शब्द आपल्याला ऐकू येत नाहीत, ते आपल्यासाठी नाहीत, आणि तरीही इथून उठायचं नाही, एवढंच त्याला त्या घडीला कळत होतं. उष्टा हात वाळून ताणायला लागला होता. मुलगा श्वासही जपून घेत होता. तिला काही घाई नव्हती. रोजच्यापेक्षा जास्त वेळ लागला की रोज एवढाच लागत असे, हे सांगायला तिथं कुणीच नव्हतं.

मग तिनं डोळे उघडले, दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. राग तिच्या चेहऱ्यावर जसाच्या तसा होता.

“काय बघताय?” ती म्हणाली. “उचला आता ताटं.”